चौथ्या दिवसाचा सूर्य

सृष्टीच्या उत्तरपत्रिकेत एक प्रश्न कोरा होता. बाकी सगळा पेपर चोख, अक्षर टपोरं, आकृत्या पट्टीने काढलेल्या. मधेच तेवढी एक जागा रिकामी. एस्तेरने ती उत्तरपत्रिका बाजूला ठेवली, दुसऱ्या दोन-तीन तपासल्या आणि पुन्हा तीच ओढून घेतली.

प्रश्न अवघड असता तर गोष्ट वेगळी. एका खडकात युरेनियम आणि त्यापासून झालेलं शिसं, दोन्हींचे अणू संख्येने सारखेच आहेत, तर खडकाचं वय काढा. अर्धं युरेनियम सरलं म्हणजे एक हाफ लाइफ गेली, एवढं ध्यानात आलं की उत्तर तोंडी येतं. साडेचारशे कोटी वर्षं. वर्गातल्या मठ्ठातल्या मठ्ठ पोरानेही ते लिहिलं होतं.

लातूरच्या एका क्लासमध्ये एस्तेर भौतिकशास्त्र शिकवायची. शिकवता शिकवता कानशिलावरचे केस पांढरे व्हायला लागले होते. लग्न केलं नव्हतं, आई-वडील राहिले नव्हते, घर मोकळं होतं. म्हणून बारावीपुरती सृष्टी तिच्याकडेच राहायला आली होती. सृष्टीची आई सुवार्ता आणि एस्तेर देगलूरच्या मिशन बोर्डिंगात एका ताटात जेवून मोठ्या झालेल्या. करोनाच्या दुसऱ्या लाटेत सुवार्ता नांदेडला दवाखान्यात वारली. मागे राहिली ही पोरगी आणि तिचे वडील अमरेश, देगलूरच्या चर्चचे पास्टर.

संध्याकाळी सृष्टी ओट्यापाशी मेथी निवडत बसली होती. एस्तेरने पेपर तिच्यासमोर धरला.

"हे काय गं? हे येत नव्हतं तुला?"

सृष्टीने वर बघितलं नाही. "येतं, मावशी."

"मग?"

"येतं, पण लिहिणार न्हाई."

एस्तेर स्टूल ओढून बसली. पोरगी काड्या वेगळ्या करता करता एकदम बोलायला लागली. मागच्या महिन्यात देगलूरच्या चर्चमध्ये विश्वास जागवायच्या संजीवन सभा झाल्या होत्या. बाहेरून आलेल्या वक्त्याने सांगितलं, पृथ्वी सहा हजार वर्षांची आहे, देवाने सहा दिवसांत सगळं केलं, आणि जो कोटी-कोटी वर्षं म्हणतो तो देवाला खोटं पाडतो. तेव्हापासून पप्पाही प्रत्येक फोनवर तेच विचारून राहिले होते, शाळेत काय शिकवतात म्हणून.

"मी साडेचारशे कोटी लिहिलं की मला वाटतं मी पप्पांना खोटं म्हणून राहिले. आणि न्हाई लिहिलं की तुम्हाला. मग कोरं सोडलं."

"आणि परीक्षेत आलं तर?"

"चार मार्क जातील." तिने मेथीची जुडी उचलली. "मावशी, तुम्ही दर रविवारी चर्चला जाता. तुम्ही कसं करता?"

एस्तेर कसं करायची? खरं म्हणजे काहीच करत नव्हती. सोमवार ते शनिवार ती फळ्यावर विश्वाचं वय लिहायची आणि रविवारी डोक्यावर पदर घेऊन आकाश आणि पृथ्वी उत्पन्न करणाऱ्यावर आपला विश्वास आहे असं सगळ्यांबरोबर उभं राहून म्हणायची. दोन्ही मनापासून. दोन्हींची गाठ पडू नये याची काळजी मात्र ती घ्यायची, जशी एकमेकांशी न बोलणाऱ्या दोन पाहुण्यांना आपण वेगवेगळ्या खोल्यांत बसवतो.

पण पोरगी उत्तराची वाट बघत होती, आणि उत्तर न देणं एस्तेरच्या धंद्यात बसत नव्हतं. तिने आठवलं ते सांगितलं. पवित्र शास्त्रातला, बायबलातला दिवस म्हणजे आपला चोवीस तासांचा दिवस कशावरून? देवाचा दिवस. एक दिवस म्हणजे एक युग धरलं की सगळं जुळतं. आधी प्रकाश, मग पाणी, जमीन, झाडं, प्राणी, शेवटी माणूस. विज्ञान तरी दुसरं काय सांगतं? आणि विश्व एका बिंदूतून पसरत आलं ही कल्पना मांडणाऱ्यांत पहिला कोण होता माहीत आहे? बेल्जियमचा एक पाद्री. झगा घालणारा, रोज प्रार्थना करणारा पाद्री, आणि गणिती.

सृष्टीचे डोळे मोठे झाले. "खरंच?"

"खरंच."

"मग भांडणच न्हाई की!" तिने मेथी टाकली, ओले हात ड्रेसला पुसले आणि एस्तेरच्या गळ्यात पडली. त्या रात्री ती दोन भाकरी जास्त जेवली. एस्तेरने मात्र लवकरच ताट बाजूला सारलं.

कारण तिने अर्धीच गोष्ट सांगितली होती. त्या पाद्र्याचं पुढचं म्हणणंही तिला ठाऊक होतं. त्याच्या सिद्धांतात लोकांना देवाचा पुरावा दिसायला लागला, तेव्हा त्यानेच हात आडवा घातला होता. माझ्या गणिताला पवित्र शास्त्राच्या ओळींचा टेकू देऊ नका आणि त्या ओळींना माझ्या गणिताचा, असं त्याचं सांगणं होतं. ही दुसरी बाजू सांगितली असती तर पोरगी गळ्यात पडली नसती. म्हणून तिने ती गिळली होती.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये ती सुगतसरांपाशी बोलून गेली. सुगतसर रसायनशास्त्र शिकवायचे. बौद्ध घरातले, पण देव-धर्म कुठलाच न मानणारे, आणि क्लासमध्ये एस्तेरचे एकमेव खरे मित्र. त्यांनी चहाची बशी तोंडाला लावत सगळं ऐकून घेतलं.

"दिवसाला ताणून युग केलं म्हणा की," ते म्हणाले. "कपडा आखूड पडला की आपण तेच करतो. पण मॅडम, झाडं तिसऱ्या दिवशी आणि सूर्य चौथ्या, असं आहे ना तुमच्याकडं? मग तुमच्या त्या तिसऱ्या युगात झाडं कशावर जगली? बॅटरीवर?"

एस्तेर हसली नाही.

"रागावू नका. मला एवढंच वाटतं, जिथं आम्हाला उत्तर सापडत न्हाई तिथं तुम्ही देवाला बसवता. उत्तर सापडलं की त्याला उठवायचं, सरकवून दुसरीकडं बसवायचं. घरी आलेल्या पाहुण्याला तरी असं करतो का आपण?"

घंटा झाली आणि ते उठून गेले. एस्तेरच्या मनातून मात्र ते वाक्य दिवसभर उठलं नाही. पाचच्या बॅचला प्रकाशाच्या अपवर्तनाचं गणित सोडवताना तिचा फळ्यावर चिन्हाचा गोंधळ झाला. पोरांनी दाखवून दिला तेव्हा कळला.

रात्री जेवायच्या आधी अमरेशचा फोन आला. आवाज नेहमीसारखा मऊ होता, पण मऊपणाच्या खाली काहीतरी टणक होतं.

"एस्तेरताई, सलाम. सृष्टी सांगून राहिली, दिवस म्हणजे दिवस नसतो म्हणे."

"पास्टरसाहेब, मी तिला फक्त..."

"फोनवर नको. या रविवारी आमच्याकडं कापणीचा सण हाय. तिला घेऊन या. तुम्ही पण लई दिवसांत आल्या न्हाईत. देवाच्या घरातच बोलू."

शनिवारी दुपारी दोघी उदगीरमार्गे देगलूरला निघाल्या. उदगीर सोडल्यावर बसमध्ये मराठीच्या जोडीला कानडी आणि तेलुगू ऐकू यायला लागली, आणि सृष्टी खुलली. खिडकीशी बसून ती पेरू खात होती. मधेच म्हणाली, "मावशी, पप्पांना त्या बेल्जियमच्या पाद्र्याचं मीच सांगणार हाय. तुम्ही न्हाई सांगायचं." एस्तेर हं म्हणाली आणि तोंड फिरवून बाहेरच्या कापसाकडे बघत राहिली.

रविवारी चर्च भरून गेलं होतं. वेदीपुढे लोकांनी आपापल्या शेतातलं आणून ठेवलं होतं: सोयाबीनची पोती, उडीद, भोपळे, सीताफळांच्या पाट्या, अंडी, पाय बांधलेला एक कोंबडा, जो स्तोत्र सुरू झालं की नेमका आरवायचा. अमरेश पांढऱ्या झग्यात उभे होते. सुवार्ता गेल्यापासून गालफडं बसली होती; पण बोलायला लागले की अजूनही अख्खी मंडळी हलायची थांबत असे.

त्यांनी पिकावरून सुरुवात केली आणि पीक देणाऱ्यावर आले. त्याने ते केवळ शब्दाने केलं, सहा दिवसांत केलं, असं सांगत आवाज चढत गेला. "आजकाल शिकलेली माणसं त्याच्या शब्दाला ठिगळं लावून राहिली. म्हणतात, दिवस म्हणजे दिवस न्हाई. अरे, मग पाप म्हणजे तरी पाप कशावरून? तारण म्हणजे तारण कशावरून?" त्यांनी एस्तेरचं नाव घेतलं नाही, तिच्याकडे बघितलंही नाही. तरी बायकांच्या बाजूला दोन-चार माना वळल्या.

मग त्यांनी सृष्टीला पुढे बोलावलं. लहान असताना ती बायबलचा पहिला अध्याय तोंडपाठ म्हणायची आणि त्यासाठी तिला बक्षीसही मिळालं होतं. "म्हण, बाई," ते म्हणाले. "सगळ्यांना ऐकू दे."

सृष्टी म्हणायला लागली. न अडखळता म्हणत होती. पहिला दिवस झाला, दुसरा, तिसरा. चौथ्यावर आली, सूर्य-चंद्रापाशी, आणि थांबली. अमरेशना वाटलं विसरली. त्यांनी पुढचा शब्द पुरवला. तिने तो घेतला नाही.

"पप्पा," ती म्हणाली. चर्चमध्ये ती त्यांना पास्टर म्हणायची, आज विसरली. "सूर्य तर चौथ्या दिवशी झाला. मग आधीची सकाळ न् संध्याकाळ कशाची?"

तिने उद्धटपणे विचारलं नव्हतं. स्वयंपाक करताना मीठ किती घालू विचारावं तसं विचारलं होतं. मागून कुणीतरी फसकन हसलं. कोंबडा आरवला. अमरेशचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला.

"जो प्रश्न विचारतो तो विश्वास ठेवत न्हाई," ते म्हणाले. "आणि जो विश्वास ठेवत न्हाई, त्याला शेवटच्या दिवशी आपली गेलेली माणसं भेटणार न्हाईत. बस खाली."

एस्तेर अर्धवट उठली होती. ती परत बसली. सृष्टी खाली बसली नाही. भोपळ्यांच्या आणि पोत्यांच्या मधून वाट काढत ती बाजूच्या दाराने बाहेर गेली. अमरेशनी प्रार्थना सुरू केली, पण शब्द कुठे पडत होते त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं.

उपासना संपली, बाहेर वेदीपुढच्या पिकांचा लिलाव सुरू झाला, तरी पोरगी दिसेना. घरी नव्हती, विहिरीपाशी नव्हती, बोर्डिंगच्या जुन्या इमारतीत नव्हती. क्लासच्या नियमामुळे तिच्याकडे स्वतःचा मोबाइलही नव्हता. अमरेश झग्यावरच धावत स्टँडवर गेले, मागून एस्तेर. उसाच्या रसाच्या गाड्यावाल्याने ओळखलं. "पास्टरसाहेबांची पोरगी ना? नांदेडच्या गाडीत बसली की. रडून राहिली होती. मी म्हणलं, कुणी वारलं का काय."

"नांदेडला कोण आहे?" एस्तेरने विचारलं.

 अमरेश म्हणाले, "तिची आई."

मंडळीतल्या एकाने जीप दिली. अमरेश चालवत होते. झगा काढून त्यांनी मागच्या सीटवर फेकला होता. नरसीचा चौक आला. तिथे ट्रकांच्या रांगेत जीप अडकली, हॉर्नचा नुसता कालवा, आणि त्या कालव्यातच ते बोलायला लागले.

"तुम्हाला वाटत असंल, हा माणूस अडाणी हाय."

"नाही वाटत."

"वाटू द्या. मी विसाव्या वर्षी घर सोडलं, ताई. बाप म्हणाला, या पुस्तकापायी जाऊन राहिलास तर परत येऊ नको. परत न्हाई गेलो. भाऊबंद तुटले, शेत तुटलं. माझ्याकडं दुसरं काही न्हाई, हे एकच हाय. आन् त्यातलं पहिलं पान तुम्ही म्हणता तसं नुसतं सांगायची गोष्ट असंल..." पुढचा ट्रक हलला, त्यांनी गिअर टाकला. "तर शेवटचं पान कशावरून खरं? शेवटच्या पानावर लिहिलंय, डोळ्यातलं पाणी पुसलं जाईल, मरण राहणार न्हाई. सुवार्ता परत दिसंल. त्या एका पानावर मी सकाळी उठतो. पहिलं पान मी सोडू कसा?"

  एस्तेरला दिवस आणि युगांची सगळी जुळवाजुळव या माणसापुढे पोरखेळ वाटायला लागली होती.

"मी सृष्टीला चुकीचं सांगितलं," ती म्हणाली.

त्यांनी झटकन तिच्याकडे बघितलं.

"तुमचं बरोबर म्हणून नाही. खडकाचं वय साडेचारशे कोटी येतं ते येतंच, पास्टरसाहेब. ते मी बदलू शकत नाही, अन् बदलणारही नाही. पण ते पवित्र शास्त्राच्या ओळींत कोंबायला नको होतं. मी ते तिला गप्प करायला केलं. मला स्वतःला गप्प करायला केलं."

"मग तुम्ही मानता काय? सरळ सांगा."

"आमचं गणित विश्वाच्या सुरुवातीच्या अगदी जवळ जातं. पण एका ठिकाणी मोडतं. त्याच्या पलीकडं काय होतं, मुळात काही का आहे, मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही अजून."

"तिथं देव हाय."

"असेल. पण गणित मोडतं म्हणून मी देवाला मानत नाही. उद्या ते गणित जुळलं तरी मी मानणार."

"का?" त्यांनी विचारलं. या खेपेला आवाजात वाद नव्हता.

 नायगाव मागे पडलं. रस्त्याच्या कडेने तुरीची पिवळी फुलं सरकत होती.

"आठवीत मला टायफॉईड झाला होता," ती शेवटी म्हणाली. "बोर्डिंगच्या बाईंनी मला वेगळ्या खोलीत ठेवलं. कुणी यायचं नाही असा हुकूम. सुवार्ता खिडकीतून चढून यायची. काही बोलायची नाही, प्रार्थनाही मोठ्याने करायची नाही, नुसती पाय दाबत बसायची. मी विचारलं, तुला लागण झाली तर? म्हणाली, मग दोघी मिळून पडून राहू." एस्तेरने डोळे पुसले. "ती ज्याच्यावर विश्वास ठेवून असं करायची, त्याच्यावर माझा बसला. दुसरं कारण मला शोधूनही सापडत नाही. हे काही फळ्यावर मांडता येत नाही."

 जीपचा वेग कमी झाला होता, तो अमरेशनी परत वाढवला.

नांदेडला शहराच्या टोकाला ख्रिस्ती कब्रस्तान आहे. फाटकाशी नागम्मा नावाची म्हातारी राहते, झाडलोट करते. त्यांना बघताच ती तेलुगू वळणाच्या मराठीत म्हणाली, "पोरगी आत हाय. मी पाणी दिलं. खायला देत व्हते, घेईना."

सृष्टी मागच्या कुंपणापाशी उभी होती. तिथे मातीचे नुसते उंचवटे होते, काहींवर मोडके लाकडी क्रूस, काहींवर तेही नाहीत, सगळ्यांवर कमरेएवढं गाजरगवत. करोनाच्या त्या वर्षीच्या सगळ्या कबरी तिथेच होत्या. पोरीचे डोळे सुजले होते, पण आता ती रडत नव्हती.

"कुठली?" तिने वडिलांना विचारलं. बाकी काही नाही, एवढंच.

अमरेश उंचवट्यांकडे बघत राहिले. एकावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर त्यांची नजर गेली आणि परत फिरली.

"तुम्ही मला सांगितलं होतं, मी मूठमाती दिली म्हणून. इथं उभा राहून प्रार्थना केली म्हणून. कुठली मग?"

"न्हाई दिली." ते खाली बसले, मातीतच. "मला आत सोडलं न्हाई, बाई. अंगभर प्लास्टिक घातलेले चौघं होते. मी फाटकाबाहेर उभा होतो. लांबून कुणाला तरी खाली ठेवताना दिसलं. तीच होती का दुसरं कुणी, ते पण... त्या दिवशी लई जण होते."

"मला पण आत येऊ दिलं न्हाई त्या येळेला," नागम्मा मागून म्हणाली. "न्हाईतर मी सांगितलं असतं, लेकरा."

"मग कुठली, पप्पा?"

"म्हाईत न्हाई."

हा शब्द एस्तेरने त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. वेदीवर नाही, घरी नाही. सृष्टीनेही ऐकला नसावा. ती त्यांच्याकडे अशी बघत राहिली की जणू त्यांना पहिल्यांदाच बघत होती.

मग तिने एस्तेरकडे मान वळवली. "मावशी, मम्मी आता कुठंय? तुमच्या विज्ञानात काय हाय?"

ताऱ्यांच्या पोटात तयार झालेल्या कणांचं एक वाक्य एस्तेरच्या ओठांवर आलं. आपण त्याच कणांचे झालोत, काहीच नाहीसं होत नाही, वगैरे. वर्गात ते ऐकून मुलं हमखास गप्प व्हायची. वाक्य खोटं नव्हतं. पण ही पोरगी कणांबद्दल विचारत नव्हती.

"विज्ञानात हा प्रश्नच नाही, सृष्टी," ती म्हणाली. "मला वाटतं ती देवाजवळ आहे. पण हे मला वाटतं. मी ते सिद्ध करून दाखवू शकत नाही."

सृष्टीने नाक ओढलं. मग ती वाकली आणि समोरच्या उंचवट्यावरचं गाजरगवत उपटायला लागली. मुळासकट, दोन्ही हातांनी. तो झाल्यावर पुढचा घेतला. अमरेश उठले आणि दुसऱ्या टोकाने लागले. कुठली कबर कुणाची हे कुणी विचारत नव्हतं. एस्तेरच्या हाताला गवताने खाज सुटली, साडीला कुसळं चिकटली, तरी तीही थांबली नाही. नागम्मा खुरपं घेऊन आली आणि तीही लागली. रांग संपली तेव्हा ऊन कलून गेलं होतं आणि चौघांचे हात कोपरापर्यंत मातीने माखले होते.

नळावर हात धुताना अमरेश लेकीला म्हणाले, "सकाळी मी बोललो ते देवाचं बोलणं नव्हतं. माझं होतं."

"म्हणजे मम्मी मला भेटंल?"

"भेटंल." मग थांबून म्हणाले, "तू कितीही प्रश्न विचार."

"आणि सहा दिवस?"

"सहा दिवस म्हणजे सहा दिवसच," अमरेश म्हणाले. सृष्टीला एकदम हसू फुटलं, आणि हसता हसता परत रडू.

ती वडिलांबरोबर देगलूरला गेली. एस्तेर नांदेडहून लातूरच्या बसमध्ये एकटी चढली. वाटेत तिला झोप लागली नाही. आपण इतकी वर्षं दोन खोल्यांमध्ये जी भिंत घातली होती, ती पडली की उभी आहे हेही तिला कळेना. पडली असेल तर आता घरात राहायचं कसं?

आठवडाभराने अमरेश स्वतः सृष्टीला घेऊन लातूरला आले. सोबत कापणीच्या सणातला एक भोपळा. पोरगी आल्या आल्या पुस्तकं उघडून बसली. चहा झाला, देगलूरच्या पाण्याची, बोर्डिंगच्या गळक्या छताची बोलणी झाली. दोघांनीही उत्पत्तीचा विषय काढला नाही. शेवटी ते निघाले. पास्टर कुणाच्या घरातून निघताना प्रार्थना होते, आणि ती पास्टरच करतात. म्हणून सृष्टी पुस्तक मिटून उठली, एस्तेरने पदर डोक्यावर घेतला आणि मान खाली घातली.

"आज तुम्ही करा, ताई," अमरेश म्हणाले.

"मी?"

"हाव. माझे शब्द मला पाठ झालेत."

एस्तेरने डोळे मिटले. खालच्या रस्त्यावरून सुटलेल्या बॅचची पोरं सायकलच्या घंट्या वाजवत चालली होती. "आकाश आणि पृथ्वीच्या..." तिने सवयीने सुरुवात केली आणि अडली. पुढे काय म्हणायचं? ज्याने केली म्हणावं तर कशी केली ते आलं, केव्हा केली ते आलं, आणि समोर हे बाप-लेक उभे. तिच्या कपाळावर घाम आला. तिला सुगतसर आठवले, तो हट्टी पाद्री आठवला, आणि खिडकीतून आत उतरणारे सुवार्ताचे मळके पाय आठवले.

"प्रभू," ती म्हणाली, "आम्ही तिघं तीन ठिकाणी उभे आहोत. तू कुठं उभा आहेस ते आम्हाला नीट दिसत नाही. पण आम्हाला एकमेकांपासून लांब जाऊ देऊ नको."

आणखी काहीतरी म्हणायला हवं होतं. ते तिला सापडेना, आणि ती तशीच उभी राहिली. अमरेश घाई करत नव्हते. सृष्टीने हळूच एक डोळा उघडून दोघांकडे बघितलं आणि परत मिटला.